सव्वा फुटाची भिंत

मार्च लागला की आमच्या पोहण्याच्या टँकच्या गल्लीत शिरल्या शिरल्या क्लोरीनचा वास येतो. म्हणजे येतो तो वर्षभरच, पण मार्चमध्ये तो उन्हाने फुगतो आणि गेटच्या बाहेर येऊन उभा राहतो. काल सकाळी साडेपाचला मी गाडी लावली, हेल्मेट काढलं आणि भस्सकन तो नाकात गेला. दोन मिनिटं तिथेच उभी राहिले. आत पोरं ओरडत होती, "ताई आली, ताई आली!" आज रविवार आहे, बॅचला सुट्टी आहे, लॅपटॉप मांडीवर आहे, आणि पाच वर्षं जे लिहायचं राहिलंय ते आज लिहूनच टाकते. शुद्धलेखन बघू नका, मी फास्ट टाइप करते.

तर आमचा क्लब हडपसरला, भाजी मंडईच्या मागे. टँकच्या एका बाजूला कोबीचे ट्रक रिकामे होत असतात आणि दुसऱ्या बाजूला, लांब, आयटी पार्कच्या काचा चमकत असतात. मी सकाळी साडेपाच ते साडेआठ इथे कोच आणि दहापासून त्या काचांच्या आत. माझ्या ऑफिसच्या खुर्चीवर कायम एक ओला टॉवेल असतो. मॅनेजरने एकदा विचारलं होतं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "वर्क लाइफ बॅलन्स."

पाच वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा माझा पहिलाच होता, कोच म्हणून. तेवीस वर्षांची होते. स्वतः पोहून पोहून जिल्ह्याच्या पुढे कधी गेले नव्हते, त्यामुळे डोक्यात फुल्ल होतं की आपली पोरं जाणार. काय काय आठवतं! मार्चच्या सुरुवातीचं पाणी, इतकं गार की पोरांचे ओठ जांभळे. गॉगलने डोळ्यांभोवती पडलेले गोल, जे घेऊन ती तशीच शाळेत जायची आणि वर्गात घुबड म्हणून घ्यायची. वार्षिक परीक्षा चालू, त्यामुळे एकेक जण भिंतीला लटकून भूगोल पाठ करतोय. "सहाशे मीटर कर आणि मग सह्याद्रीतल्या नद्या सांग," असं मी सांगायचे, आणि ते करायचे, दमून, धापा टाकत, कोयना, हुश्श, नीरा, हुश्श. उकडलेल्या अंड्यांचा वास, केळ्यांच्या साली, ओल्या चपलांचे ठसे. मी शिट्टी वाजवायचे आणि मंडईतला एक कुत्रा भुंकायचा, रोज, न चुकता.

आमचे मोठे कोच म्हणजे काळोखे सर. मूळचे हडपसर गावातले, जिथे आता टॉवर आहेत तिथे त्यांचा ऊस होता. फॅक्टरीतून रिटायर होऊन टँकवर आले. मला कायम "इंजिनियर" म्हणायचे, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती ते पाच वर्षांत मला कळलेलं नाही.

आणि पायल. पायल तेव्हा आठवीत. तिचे बाबा अकोल्याकडून कंपनीच्या बसवर ड्रायव्हर म्हणून आलेले. आमच्याच आयटी पार्कची माणसं नेणारी बस. त्यामुळे सकाळी पायलला टँकवर तिची आई आणायची आणि पायरीवर थर्मास घेऊन बसायची. पोहणं तिला काहीच कळत नव्हतं. पायल बॅकस्ट्रोक करायची, म्हणजे उताणं, आणि आई मला विचारायची, "मॅडम, हे पोरगी सरळ काहून नाही पोहत?" मी हसले की तीही हसायची. "मले काय समजते त्यातलं. तुम्ही म्हणान ते खरं."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

पायलचं त्या वयोगटातलं शेवटचं वर्ष होतं. मे महिन्यात जिल्ह्याची निवड चाचणी. शंभर मीटर बॅकस्ट्रोकला एक मिनिट एकवीस सेकंदांच्या आत आली तर राज्याला जाणार, नाही तर पुढच्या वर्षी वरच्या गटात, जिथल्या मुली तिच्यापेक्षा सात-आठ सेकंद पुढे. म्हणजे आता किंवा मग विसरा. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आईलाही माहीत होतं, कारण मीच पायरीवर बसून एका कागदावर घड्याळ काढून समजावलं होतं.

आता ते मुख्य. त्या फेब्रुवारीत टँक रिकामा केला होता. खोल बाजूची भिंत झिरपत होती, मंडईच्या बाजूला पाणी जायचं. काँट्रॅक्टरने जुनी भिंत तोडण्याऐवजी आतून एक नवी भिंत घातली. नऊ इंची वीट, मागे चार इंच काँक्रीट, वर प्लॅस्टरचे दोन थर, वर निळ्या टाइल्स. झकास दिसत होतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाणी भरलं आणि लेन पाडायच्या दोऱ्या बांधायला गेलो, तर सगळ्या दोऱ्या ढिल्या. मध्ये लोंबकळायला लागल्या.

"सैल पडल्यात उन्हानं," सर म्हणाले.

मग आम्ही दोघांनी बसून प्रत्येक दोरीतले काही मणी काढले, ते नारंगी प्लॅस्टिकचे असतात ना, ते, आणि पुन्हा गाठ मारली. एका पोत्यात भरून स्टोअरमध्ये टाकले. सगळे हसत होते. चार दोऱ्या, चारही एका महिन्यात सारख्याच वाढल्या, आणि मी, इंजिनियर, मणी मोजून काढत होते आणि गाणं म्हणत होते.

आणि मग काय विचारता! टायमिंग खाली यायला लागलं. सगळ्यांचं! ज्याचं दोन वर्षं हलत नव्हतं त्याचंही. मी नेटवर बघून बघून नवीन ड्रिल्स आणली होती, एका हाताने पोहा, मुठी वळून पोहा, डोक्यावर पाण्याची बाटली ठेवून पोहा. मला वाटलं, झालं! चाललं! पालकांच्या ग्रुपवर मी रोज टाकायचे, "पायल १:२०.३!!!!!" पाच उद्गारचिन्हं. पालक टाळ्या पाठवायचे. एका काकांनी तर लिहिलं, "तरुण रक्ताला संधी दिली की असं होतं." मी तो मेसेज स्क्रीनशॉट काढून आईला दाखवला. माझ्या आईला.

एप्रिलमध्ये एक दिवस पायल भिंतीला धरून थांबली. गॉगल कपाळावर.

"ताई, खोल बाजूला माझे चार होतात."

"काय चार?"

"हात. झेंड्यांपासून. उथळ बाजूला पाच होतात आणि खोल बाजूला चारच."

हे सांगायला हवं. बॅकस्ट्रोकमध्ये भिंत दिसत नाही, माणूस आकाशाकडे बघत येतो. म्हणून भिंतीच्या पाच मीटर आधी दोन खांबांना एक झेंड्यांची माळ बांधलेली असते. ती डोक्यावरून गेली की हात मोजायचे, आणि मोजणं संपलं की पोटावर वळून टर्न घ्यायचं, म्हणजे कोलांटी मारून पायांनी भिंत ढकलायची. प्रत्येकाचा आकडा ठरलेला, आणि तो डोळे मिटून अंगात बसेपर्यंत आम्ही घोटून घेतो. दोन्ही बाजूंना सारखाच असायला पाहिजे.

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "अगं तिकडे जाताना तुझी किक जास्त चांगली असते. मस्तच की! तिकडे चार, इकडे पाच, फिक्स करून टाक."

तिने मान हलवली आणि फिक्स करून टाकलं. ती तशीच होती, सांगितलं की करणारी. महिनाभर चार आणि पाच, चार आणि पाच.

मला अजून कळत नाही की त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं. तिच्या अंगाने टँक मोजून मला आणून दिला होता. मी तिला शाबासकी दिली.

मग एप्रिलच्या शेवटी, एका रविवारी, स्टोअरमध्ये किकबोर्ड शोधताना ते पोतं पायात आलं. मणी घरंगळले. मी ते गोळा करायला खाली बसले आणि चारही दोऱ्यांचे सारखेच मणी निघाले होते हे एकदम आठवलं. दोऱ्या वाढल्या नव्हत्या. शेजारच्या बिल्डिंगच्या साइटवरच्या सुपरवायझरकडून लांब टेप मागून आणला. टेप एका टोकाला विटेखाली दाबला आणि उन्हात काठाने चालत गेले. चोवीस मीटर बासष्ट, पंचवीस हवे तिथे. पुन्हा मोजलं. बासष्ट. तिसऱ्यांदा मोजताना मी अक्षरशः टेप ओढत होते, की वाढेल.

सर चहा पीत होते.

"सर, टँक लहान झालाय."

"आटलंय व्हय पाणी?"

"पाणी नाही. लांबी. आतून भिंत घातली ना, ती आपण धरलीच नाही. सव्वा फूट कमी आहे."

"सव्वा फूट." त्यांनी बशी खाली ठेवली. "आम्ही विहिरीत शिकलो, तिला कुठं मीटर होतं?"

"सर, शंभरला चार लेंथ. पाच फूट झाले. पायलचं सव्वा सेकंद जातं त्यात. तिचं एक वीस नाहीये. एक साडेएकवीस आहे."

सरांनी बशी पुन्हा उचलली. मंडईत कुणीतरी ट्रकवाल्याला शिव्या देत होतं.

"पंधरा दिस राहिल्यात इंजिनियर," ते म्हणाले. "आता सांगितलं तर पोरगी तिथंच बसंल. न्हाय सांगितलं तर निदान जोरात तरी जाईल. बघ तू. तिची कोच तू हायस."

मी बघितलं. मी न सांगायचं ठरवलं. आणि हे मी सरांवर ढकलू शकत नाही, कारण घरी जाताना गाडीवर मला हलकं वाटत होतं. ग्रुपवर पाच उद्गारचिन्हं टाकलेली मुलगी मी होते. आता कुठल्या तोंडाने लिहायचं की माफ करा, ड्रिल्स नव्हती, वीट होती? ऑफिसमध्ये आम्ही हे रोज करतो. प्रोजेक्ट बुडतोय हे खालपासून वरपर्यंत सगळ्यांना माहीत असतं आणि रिपोर्टमध्ये हिरवा ठिपका असतो. कुणी खोटं बोलत नाही, फक्त शुक्रवारी कुणाला लाल करायचं नसतं. त्या वेळी मी वाघोलीच्या फ्लॅटच्या जाहिरातींना हसायचे, विमानतळ दहा मिनिटांवर म्हणून. दहा मिनिटांत तर सोसायटीच्या गेटबाहेर निघणं होत नाही. हसायचे! आणि सकाळी उठून आठवीतल्या मुलीला सांगायचे, एक वीस, मस्त, अशीच जा.

मी मनात हिशोब केला होता की ती चाचणीच्या दिवशी जोश खाईल आणि अर्धं सेकंद भरून काढेल. अर्धंच तर सेकंद. अर्ध्या सेकंदात काय होतं, साधी टिचकी वाजते. सगळा हिशोब सेकंदांचा केला. हातांचा केलाच नाही. खोल बाजूचे ते झेंड्यांचे दोन खांब सव्वा फूट मागे घ्यायचे होते, बस. पहारीने तासाभरात झालं असतं, आणि पंधरा दिवसांत तिचा आकडा दोन्हीकडे पाच झाला असता. कुणाला काही सांगायचीही गरज नव्हती. ते मला सुचलंच नाही.

चाचणीचा टँकही पंचवीसचाच होता, खराखुरा. सकाळी नऊ वाजता काठावरची फरशी इतकी तापली होती की पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. पायलच्या आईने थर्मास आणला होता आणि नवीन साडी नेसली होती. पायल चौथ्या लेनमध्ये. शिट्टी झाली, खोल बाजूने सुटली, आणि काय सुंदर सुटली! पहिलं टर्न उथळ बाजूला, पाच हातांवर, परफेक्ट. मी ओरडायला लागले. दुसऱ्या टर्नला, म्हणजे परत खोल बाजूला, झेंडे तिच्यावरून गेले आणि मी मोजले. एक, दोन, तीन, चार, आणि ती पोटावर वळली.

भिंत नव्हती.

पोटावर वळल्यावर पुन्हा हात मारता येत नाही, बाद करतात. ती नुसती तरंगत राहिली, भिंत येईपर्यंत. दीड फूट असेल. तिथे, त्या वेळेत, मला सगळं कळलं. खांबांचं, आकड्याचं, माझ्या शाबासकीचं. आणि काठावरून मी काहीही करू शकत नव्हते, कारण शेवटचं टोक अजून यायचं होतं, आणि तिथेही तिचे चारच होते. आली ती. झेंडे, चार हात, मग डोकं मागे टाकून तिने हात लांब केला, बोटं ताणून, आणि हात पाण्यात पडला. मग आणखी एक अर्धवट हात. मग भिंत.

एक बावीस पॉइंट आठ.

बाहेर आली तेव्हा तिला थंडी वाजत होती, त्या उन्हात. "ताई, भिंत नव्हती," ती म्हणाली. "मी मोजले. बरोबर मोजले. भिंत नव्हती."

तिची आई शेजारी उभी होती, टॉवेल उघडून. दोघी माझ्याकडे बघत होत्या. आणि मी म्हटलं, "होतं असं, पायल. ऐनवेळी थोडी घाबरलीस तू."

मला हे लिहिताना अजूनही वाटतंय की डिलीट करावं. पण नाही करत.

त्यानंतर ती दोन आठवडे आली, मग नववी सुरू झाली, मग नाही आली. मी पुढच्या वर्षी खांब सरकवले. माझ्या शीटमध्ये एक कॉलम वाढवला आणि आता पोरांना पुऱ्या पंचवीस मीटरच्या हिशोबाने दुरुस्त केलेला आकडाच सांगते. त्यामुळे माझ्या हाताखाली टायमिंग वाढतं असा पालकांचा समज आहे आणि तीन-चार पोरं दुसऱ्या क्लबला गेली. सर म्हणाले, "खरं बोलायला लागलीस, आता बॅच रिकामी कर." भिंत अजून आहे. निळ्या टाइल्स थोड्या पिवळ्या पडल्यात.

आणि आता दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. एका कलीगच्या वास्तुशांतीला वाघोलीला गेले होते. चौकात ट्रॅफिकमध्ये अडकले आणि बसस्टॉपवर पायल. पाच वर्षांनी! उंच झालीये, खांदे तेच. मी गाडी बाजूला घेतली. ते आता तिथेच राहतात, ती जवळच्या कॉलेजला बीकॉमला आहे. मी म्हटलं, बीकॉम? तुला तर इंजिनियरिंगला जायचं होतं, माझ्या डोक्याशी भुणभुण लावायचीस.

"प्रवेश परीक्षेला बसलेच नाही," ती म्हणाली. अगदी साधं. "हॉलतिकीट आलं होतं. पण मी ऐनवेळी घाबरते ना ताई. तुम्हाला तर माहितीये."

मी तिथे, बसस्टॉपवर, हॉर्नच्या आवाजात, तिला सगळं सांगितलं. वीट, प्लॅस्टर, मणी, टेप, पंधरा दिवस. ती ऐकत राहिली. तिची बस आली आणि गेली.

"म्हणजे मी बरोबर मोजले होते," ती म्हणाली.

"हो."

"पण एक वीसपण नव्हतं माझं."

"नव्हतं. साडेएकवीसच्या आसपास."

"म्हणजे तसंही झालं नसतं."

"माहीत नाही गं. मार्चमध्ये कळलं असतं तर दोन महिने होते आपल्याकडे."

तिने हे मनात कुठेतरी ठेवलं, मला दिसलं ठेवताना. मग म्हणाली, "आईला सांगाल? घरात काहीही निघालं की आई तेच म्हणते, ही ऐनवेळी घाबरते. पाहुण्यांनापण सांगते. मी सांगितलं तर नाही पटणार तिला. तुम्ही सांगा."

म्हणून गेल्या रविवारी गेले. हडपसरहून दीड तास लागला. पायलच्या आईने मला ओळखलं, हात धरून आत नेलं, चहा टाकला, तिच्या केसांत आता पांढरं आलंय. पायल दाराला टेकून उभी होती. मी पहिल्यापासून सांगितलं, सावकाश, माझ्या स्पीडने नाही. म्हटलं, "ती घाबरली नव्हती. चूक माझी होती आणि मी तेव्हा खोटं बोलले." कागदावर टँक काढून दाखवला. भिंत काढली, खांब काढले.

आईने कागद हातात घेतला, नीट पाहिला, आणि हसली. अगदी मायेने हसली.

"जाऊ द्या न मॅडम. तुम्ही त्या दिवशी सांगितलं तेच खरं. मी काय पाह्यलं नाही का, कशी थरथर कापत होती हे पोरगी." मग पायलकडे वळून म्हणाली, "पाय बरं, किती चांगल्या हाय मॅडम. तुले बरं वाटावं म्हणून एवढ्या लांबून आल्या."

मी नाही, नाही म्हणत होते. पायल माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात आधीच्या आठवड्यातलं ते ठेवलेलं मला शोधूनही सापडेना.

"हो ना," ती आईला म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.